एका कुऱ्हाडीचं दुखणं: दांडा तीनदा का निसटला?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सरपण फोडताना तात्यांच्या हातातल्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यावरून सुटलं आणि गोठ्याच्या कुडात जाऊन रुतलं. कुडापलीकडे पाच दिवसांचं वासरू होतं. तात्या काही बोलले नाहीत. रिकामा दांडा खाली ठेवला, तंबाखूची पिशवी काढली, मळली, दाढेला धरली आणि मग म्हणाले, "तिसऱ्यांदा."

मी चाकणला एका कारखान्यात फिटर आहे. एखादा भाग एकदा सुटला तर नशीब, दोनदा सुटला तर बसवणाऱ्याची चूक आणि तीनदा सुटला तर दुखणं भलतीकडेच आहे, हे आम्हाला आयटीआयमध्येच शिकवलं जातं. तात्या नवीन कुऱ्हाड आणायच्या विचारात होते. मी म्हटलं, ही आधी मला द्या.

कुऱ्हाड आज्याची. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावाबाहेर घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, पालं पडली होती, त्यांच्याकडून घडवून घेतलेली. आमच्याकडे पाटणच्या बाजूला अशा कुऱ्हाडी अजून बऱ्याच घरांत सापडतील: बसकं पातं, मागे जाड बोथट पाठ, दांड्यासाठी लांबट गोल नेढं. वजन भरलं 1 किलो 340 ग्रॅम. मूळचा दांडा तिवसाचा होता. तो चाळीसएक वर्षं टिकला आणि मोडला तोही बैलगाडीच्या चाकाखाली येऊन, लाकूड फोडताना नव्हे. त्यानंतर मात्र सात वर्षांत तीन दांडे झाले. प्रकरण इथून सुरू होतं.

या तीन दांड्यांची मी तात्यांकडून नीट माहिती काढली. पहिला बाभळीचा. श्रावणात फांदी तोडली, त्याच दिवशी तासून बसवली. संक्रांतीला ढिली. हे सरळ आहे: ओलं लाकूड वाळताना आकसतं, लांबीत जवळजवळ नाही पण जाडीत चांगलंच, आणि नेढ्यात जाडीचाच खेळ असतो. दुसरा दांडा बाजारातला तयार, करवतीवर चिरलेला, हाताकडे फुगीर आणि पात्याकडे बारीक. तोही हलायला लागल्यावर कुणीतरी वरून चार खिळे मारले. खिळ्यांनी दांड्याचं डोकं उभं फाटलं. तिसरा पुन्हा बाभळीचा, पण या वेळी तात्यांनी फांदी वर्षभर माळ्यावर वाळवली होती. मापाने तासला, वर चीर पाडून पाचर ठोकली. तोच दिवाळीत उडाला.

मला तिसऱ्याने विचारात पाडलं. लाकूड वाळलेलं, पाचर आहे, तरी निसटतो. म्हणजे लाकडावर खापर फोडून भागणार नाही.

यात एक उपद्व्याप तिन्ही वेळा झाला होता. दांडा हलायला लागला की कुऱ्हाड रात्रभर हौदात. सकाळी घट्ट. आमच्या गावात हे सगळेच करतात आणि सगळ्यांनाच ते पटलेलं आहे, कारण सकाळी खरंच घट्ट होते. पण लाकूड फुगतं तेव्हा त्याला बाहेर जायला जागा नसते, भोवती लोखंड आहे. मग त्याचे तंतू आतल्या आत चेपतात. वाळल्यावर ते पहिल्यापेक्षा बारीक होतात आणि चेपलेले परत उठत नाहीत. म्हणजे प्रत्येक भिजवणीला दांडा थोडा थोडा झिजतोच, फक्त ती झीज आठ दिवसांनी दिसते. तरीही मला हे पुरेसं कारण वाटेना. तिवसाचा दांडाही आज्याने कधीतरी भिजवला असेलच की.

नेढं साफ केलं तेव्हा उलगडा झाला.

गंज काढायला पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक दिवस बुडवून ठेवलं, तारेच्या ब्रशने घासलं आणि आम्ल मारायला खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं. मग माप घ्यायला व्हर्निअर लावला. एका तोंडाला नेढं 48 बाय 33 मिलिमीटर, दुसऱ्या तोंडाला 44 बाय 30. खोली 56. म्हणजे नेढं सरळ नळीसारखं नाही, नरसाळ्यासारखं निमुळतं आहे. घिसाड्याने निमुळता सुंबा ठोकून भोक पाडलं की असंच होतं, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. तिसऱ्या दांड्याचं टोक मी काजळी आणि खोबरेल तेलाच्या मिश्रणाने माखलं आणि तात्यांनी बसवला होता तसाच पुन्हा आत सरकवला, काढला, नेढ्यात पाहिलं. कारखान्यात दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे बघायला आम्ही निळा रंग लावतो, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. नेढ्यात काळा डाग उमटला तो फक्त अरुंद तोंडाशी, बोटभर रुंदीचा एक पट्टा. बाकी सगळं कोरडं. 56 मिलिमीटरच्या नेढ्यात दांडा जेमतेम 10 मिलिमीटर धरलेला होता.

कारण तो उलट्या तोंडाने घातला होता. रुंद तोंड हाताकडे, अरुंद वर. दांडा खालून घालायचा तर रुंद तोंडातून तो सहज शिरतो, म्हणून प्रत्येकाने तिकडूनच घातला. पातं दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, वर कुठलं नि खाली कुठलं हे अंगावर लिहिलेलं नसतं. पण वरचं तोंड अरुंद असलं की पाचर मारूनही लाकडाला फुलायला जागाच मिळत नाही. प्रत्येक घावाला पातं बाहेर पळू बघतं आणि त्याला अडवायला पुढे काहीच नसतं. उतारावर गाडी लावायची आणि चाकाखाली दगड वरच्या बाजूने ठेवायचा, त्यातलाच प्रकार.

मग वाटलं, पातं फिरवायचं, अरुंद तोंडातून दांडा घालायचा, रुंद तोंडाशी पाचर मारायची आणि मोकळं व्हायचं. तो उपाय बरोबरच आहे, बहुतेक कुऱ्हाडींना तोच करावा. पण आजीला सहज विचारलं, जुन्या दांड्याला पाचर होती का?

"कसली पाचर? रानात जाताना तुझा आजा पातं काढून पिशवीत टाकायचा आन् दांडा काठीवानी टेकत जायचा. तिथं गेल्यावर दांडा वरनं घालायचा, कुदळीवानी."

म्हणजे ही कुऱ्हाड मुळात पाचरीची नव्हतीच. दांड्याचं जाड टोक वर, बारीक अंग खाली. पातं खालून ओवून वर सरकवायचं, जाड टोकाशी ते आपोआप आवळतं. घाव घालताना पातं जितकं बाहेर ओढलं जाईल तितकं अजून आवळणार. कुदळ आणि टिकाव आपण रोज असेच वापरतो आणि त्याबद्दल कधी विचारही करत नाही. लाकूड उन्हाळ्यात आकसलं तर पातं दोन-चार मिलिमीटर वर जाऊन बसेल, एवढंच. ज्याने हे नेढं पाडलं त्याने लाकूड आकसणार हे गृहीत धरूनच पाडलं होतं. पुढच्या तिघांनी, आणि क्षणभर मीसुद्धा, त्याच्या कामावर भलतीच पद्धत लादली.

दांडा समजला, आता धार. तात्यांची दुसरी तक्रार होती की कुऱ्हाड "धारच धरत नाही". कानस मारून पाहिली. चांगलं पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या, धारेवर कानस थोडी घसरते, चिर्रर्र आवाज करते. इथे ती लोण्यात शिरावी तशी चावत होती, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. ग्राइंडरवर धार जाळली असती तर एखादाच पट्टा मऊ सापडला असता. सगळीच मऊ म्हटल्यावर सगळं पातंच कधीतरी तापलं असणार. विचारल्यावर आजीनेच कबूल केलं: तिवसाचा मोडका खुंट नेढ्यात अडकला होता, तो निघेना म्हणून तिने पातं चुलीत घातलं. खुंट जळून गेला, दांड्याची वाट मोकळी झाली आणि धारेचं पाणी उतरलं. तीनएकशे अंशांच्या पुढे पोलाद तापत गेलं की ते मऊ पडत जातं आणि चुलीतला लाल निखारा त्याच्या कितीतरी वर असतो. हीसुद्धा घरोघरची रीत आहे. खुंट पटाशीने कोरून किंवा बारीक ड्रिलने पोखरून काढावा, वेळ लागतो पण पातं वाचतं. आजीला मी हे सांगितलं नाही. ती 86 वर्षांची आहे आणि त्या दिवशी तिला स्वयंपाक उरकायचा होता.

व्हिनेगरने मात्र एक फुकटची गोष्ट दाखवली. आम्लाने लोखंड फिकट राहतं आणि पोलाद काळवंडतं. पात्याच्या दोन्ही गालांवर धारेपासून सुमारे 35 मिलिमीटरवर एक नागमोडी रेघ उमटली, वाळूवर लाट येऊन गेल्यावर ओल राहते तशी. रेघेच्या वर मऊ लोखंड, खाली पोलाद. घिसाड्याने लोखंडाची पट्टी नेढ्याभोवती दुमडून, दोन पाळ्यांमध्ये पोलादाचा तुकडा ठेवून भट्टीत एकजीव केला होता. पन्नास वर्षांच्या झिजेनंतर मधोमध 35 मिलिमीटर पोलाद शिल्लक, एका कोपऱ्यात 22. अजून एक पिढी सहज जाईल. ही रेघ दिसली नसती तर कदाचित मीही नवी आणा म्हणालो असतो, कारण पोलाद संपलेल्या कुऱ्हाडीला कितीही पाणी पाजा, उपयोग नाही.

शेजारच्या गावात एक लोहारमामा अजून भट्टी पेटवतात. भात्याच्या जागी ब्लोअर आलाय, कोळसा मात्र बाभळीचाच. त्यांनी पात्याची कड फिरत्या दगडावर टेकवून ठिणग्या बघितल्या. पाठीकडे टेकवलं तर ठिणगी लांब, सरळ, मुकाट. धारेकडे टेकवलं तर टोकाला फुलबाजीसारखी फुटते. "ट्रकच्या कमानपाट्याचं हाय बहुतेक," ते म्हणाले. कमानपाटा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी. आधी सगळं पातं तापवून त्यांनी नेढ्यात सुंबा घातला. तात्यांनी पाठीने मेखा ठोकून ठोकून पाठीच्या कडा भुईछत्रासारख्या पसरवल्या होत्या आणि नेढ्याची एक बाजू आत चेपली होती. ती सरळ झाली. पसरलेल्या कडा मी नंतर कानशीने काढल्या. त्या ठेवल्या तर एखाद्या ठोक्याला तुकडा उडून डोळ्यात जातो.

मग पाणी द्यायची वेळ आली आणि आमचं वाजलं. कमानपाट्याच्या पोलादाला तेलात थंड करावं, पाण्यात तडकायची भीती असते, असं माझं म्हणणं. मामांचं म्हणणं, तेलात भजी तळतात. शेवटी कोमट पाणी आणि फक्त धारेचा दोन बोटं भाग, यावर तडजोड झाली. धार पिकल्या चेरीसारखी लाल झाली तेव्हा मी तारेला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेलं, ते चिकटेना. लोखंड सुमारे 770 अंशांना चुंबकाला ओळखेनासं होतं, तीच खूण. त्याहून किंचित वर नेऊन मामांनी धार पाण्यात धरली आणि हलवत राहिले. एकाच जागी धरली तर पाण्याच्या रेषेवर चीर जाते.

बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत केली. पाठीकडची उरलेली आच आता धारेकडे सरकू लागली आणि चकाकीवर रंग चालून आले. आधी वाळक्या गवताचा फिका पिवळा, मग गडद पिवळा, मागून तपकिरी, वांगी, निळा, एकामागोमाग एक पट्टे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण प्रत्यक्षात रंग एवढ्या भराभर चालतात याची कल्पना नव्हती. फिका पिवळा धारेवर पोचताच मामांनी पातं पुन्हा पाण्यात टाकलं. मी म्हणत होतो अजून थोडं जाऊ द्या. ते म्हणाले, बाभूळ फोडायची तर कडक पायजे. तेव्हा गप्प बसलो. एवढ्या लांबून गेलेल्या माणसाने भट्टीवाल्याशी किती वाद घालायचा?

दांड्यासाठी पहिली पसंती पुन्हा तिवसच असती. पण तिवस 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड, परवान्याशिवाय हात लावायचा नाही. शिवाय राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारचं बघून आमच्या गावानेही कुऱ्हाडबंदीचा, म्हणजे झाडं न तोडण्याचा, ठराव केलेला आहे. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी कुऱ्हाडबंदी मोडायची, हे माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. सुदैवाने आदल्या वळवात बांधावरच्या धामणीची एक फांदी मोडून पडली होती आणि जू करायला म्हणून तात्यांनी ती पडवीच्या आढ्याला टांगली होती. धामणीपेक्षा कठीण लाकडं बरीच आहेत, अंजन आहे, धावडा आहे. पण दांड्याला नुसता कठीणपणा नको, लवचीकपणा हवा. घावाचा झटका लाकडाने खाल्ला नाही तर तो मनगटात येतो. धामण वाकते आणि परत येते, म्हणून तर धनुष्याला आणि कावडीच्या दांडीला ती वापरतात. साग या कामाला बिनकामाचा. दारं-खिडक्यांना सोनं, झटक्याला काच.

फांदी करवतीने चिरली नाही, लाकडी पाचरी मारून उभी फोडली. फोडलेलं लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेच फाटतं. करवत मात्र तुम्ही आखलेल्या रेघेने जाते, तंतू मध्येच कापले गेले तरी तिला फिकीर नाही आणि दांडा बरोबर तिथेच तिरका मोडतो. बाजारच्या दांड्यावर ही तिरकी नस उघड दिसत होती. फोडलेल्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपलं, कारण तोंडाकडून पाणी पटकन उडतं आणि भेगा पडतात. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं, 1 किलो 960 ग्रॅम. नोव्हेंबर ते एप्रिल आई दर पंधरा दिवसांनी वजन फोनवर सांगायची. एप्रिलच्या शेवटी 1 किलो 575 वर ते थांबलं. सलग दोन वजनांत पाच ग्रॅमचाही फरक नाही म्हटल्यावर लाकूड आमच्या हवेपुरतं वाळलं.

मे महिन्यात सुट्टी काढून तासायला बसलो. वाकसाने ढोबळ आकार, मग रंधा, शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडणं. पॉलिश पेपर फारसा लागलाच नाही. लांबी तिवसाच्या दांड्याएवढी, 29 इंच. ती आजीने जमिनीपासून कमरेपर्यंत हात दाखवून सांगितली आणि मी टेप लावला. हाताची जागा गोल न करता अंडाकृती ठेवली, 36 बाय 26 मिलिमीटर. गोल दांडा मुठीत फिरतो, अंडाकृती दांडा मुठीला न बघता सांगतो की धार कुठे आहे. वरचं टोक 52 बाय 36. तिथून तो नेढ्याच्या निमुळतेपणाला जुळवत आणायचा. सगळा जीव इथे गेला. काजळी लावा, पातं ओवा, ठोका, काढा, जिथे काळं लागलं तिथेच दोन ओरखडे घ्या, पुन्हा ओवा. सतरा वेळा. पहिल्यांदा दोनच ठिपके होते, शेवटी नेढ्याच्या तीन बाजू काळ्या झाल्या. चौथी, पाठीकडची, मी घाईत एकदा जास्त खरवडली, तिथे कागद जाईल एवढी फट आजही आहे.

बसवायची युक्ती अशी: कुऱ्हाड उलटी धरायची, दांड्याचं जाड टोक दगडावर आपटायचं. दांडा थांबतो, पातं आपल्या वजनाने जाड टोकाकडे सरकत राहतं. चार ठोक्यांत ते असं बसलं की हाताने हलेना. वरून जाड लाकडाचं नऊ मिलिमीटर टोक बाहेर ठेवलं. दांड्याला जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येक हातामध्ये दोन दिवस. व्हार्निश नको, त्याने तळहाताला फोड येतात. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मी ती पाण्यात भिजवून उन्हात पसरली.

पहिल्याच आठवड्यात धारेचा नखाएवढा चंद्रकोरी तुकडा उडाला, बाभळीच्या गाठीवर. फिका पिवळा रंग फारच कडक होता. पातं काढून (एक ठोका, दहा सेकंद, हा या बांधणीचा दुसरा फायदा) पुन्हा मामांकडे नेलं. आता त्यांनी न बोलता पाठ तापवली आणि रंग वांगी होईपर्यंत जाऊ दिला, तो सुमारे 280 अंशांचा. तुकडा उडालेली जागा काढायला मला धार सव्वा तीन मिलिमीटर मागे न्यावी लागली. घिसाड्याचं तेवढं पोलाद आमच्या वादात गेलं. तेव्हापासून कानस घसरतही नाही, बुडतही नाही, धरून धरून चावते, आणि धार टिकते आहे.

हिशोब: मामांचे दोन खेपांचे 500 रुपये, तेल, कानस आणि व्हिनेगर मिळून आणखी साडेचारशे. आठवडी बाजारात तेवढ्यात दांड्यासकट नवी कुऱ्हाड येते, वर माझ्या सुट्टीचे चार दिवस वेगळे. पैशाच्या दृष्टीने हे काम परवडत नाही, हे मी तात्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा झाला. श्रावणात वर 9 मिलिमीटर असलेलं टोक एप्रिलमध्ये 6 भरलं, म्हणजे दांडा आकसला तसं पातं तीन मिलिमीटर वर जाऊन बसलं. हौदात एकदाही गेलेली नाही. एकच खोड उरली आहे. तात्यांना बोलता बोलता दांड्याचं खालचं टोक जमिनीवर आपटायची सवय आहे आणि त्याने पातं खाली घसरून सुटतं. दोनदा सांगून झालं. परवा गेलो तर पातं देवळीत ठेवलेलं आणि दांडा घरात कुठेच नाही. तात्या तो टेकत ग्रामपंचायतीत गेले होते.